पीएचडीवाले मोटार कामगारांच्या युनियनमध्ये कसे?

तुमच्या ओळखीचं कोणी कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडी करत असेल, तर विचारून बघा, 'तुमची युनियन कोणती?' उत्तर येईल, यूएडब्ल्यू. म्हणजे युनायटेड ऑटो वर्कर्स, चक्क मोटार कामगारांची युनियन!

हे झालं कसं? ही युनियन 1935 मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली. 1937 मध्ये फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यात 44 दिवस ठाण मांडून जनरल मोटर्सला नमवलं. 1979 मध्ये सभासद होते जवळपास 15 लाख. मग परदेशी गाड्या आल्या, रोबो आले, कारखाने बंद पडले. आज सभासद 4 लाखांच्याही आत आहेत.

टिकायचं तर दोनच वाटा होत्या. एक, छोट्या युनियनना सामावून घ्यायचं. 1979 मध्येच न्यूयॉर्कची 'डिस्ट्रिक्ट 65' यूएडब्ल्यूला जोडली गेली. तिच्यात गोदामातले आणि ऑफिसातले कर्मचारी होते. दुसरी वाट, नव्या क्षेत्रात शिरायचं. तिथे विद्यापीठं सापडली. शिकवणारे, पेपर तपासणारे, लॅबमध्ये राबणारे पीएचडीचे विद्यार्थी हेही पगारावरचे कामगारच की!

यात दोघांचा फायदा काय? मोठ्या युनियनला सभासद आणि वर्गणी मिळते. छोट्यांना वकील, अनुभव आणि मुख्य म्हणजे संपाचा निधी मिळतो. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात 48,000 जण संपावर गेले, तेव्हा त्यांना आठवड्याला 400 डॉलर याच निधीतून मिळाले. मोटार कामगारांनी वर्षानुवर्षं भरलेली वर्गणी त्यात होती. संपानंतर शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचा किमान वार्षिक पगार सुमारे 23,000 वरून 2024 पर्यंत 34,000 डॉलरवर नेण्याचा करार झाला.

पण गोम इथेच आहे. आज साधारण चौथा हिस्सा सभासद विद्यापीठांतले आहेत आणि प्रत्येकाचं मत सारखंच. 2023 मध्ये शॉन फेन अध्यक्ष झाले ते फक्त 483 मतांनी! मग कारखान्यातला कामगार विचारणारच, 'ही युनियन अजून आमचीच ना?'

त्याला दिलासा एवढाच, की त्याच्या करारावर मत त्याच्या कंपनीतले सभासदच देतात. निधी आणि अध्यक्ष मात्र सगळ्यांचे.

म्हणून एखादी युनियन 'आम्ही वाढलो' म्हणाली, की नुसता आकडा बघू नका. दोन प्रश्न विचारा: संपाचा पैसा कोणाचा? आणि संपाचा निर्णय कोणाचा?

भेटू पुढच्या भागात!