शब्दांनी बांधलेली गावे

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो वाढवला. खेळाचे नाव ‘मल्टी-यूझर डन्जन’, आद्याक्षरांनी ‘मड’. एकट्याने खेळायचे शब्दखेळ त्याआधीही होते. विल क्राउदर यांचा गुहेतला ‘अ‍ॅडव्हेंचर’ त्यांतला आद्य. मडमधली नवी गोष्ट म्हणजे त्याच गुहेत, त्याच क्षणी, दुसरे जिवंत माणूसही वावरत असे.

खेळ चाले तो असा. पडद्यावर एका जागेचे वर्णन येई. त्याखाली तिथून फुटणाऱ्या वाटा आणि तिथे हजर असलेल्यांची नावे. ‘नॉर्थ’ टाइप केले की उत्तरेकडची जागा समोर येई. ‘से’ लिहून पुढे वाक्य टाकले की तिथल्या सर्वांच्या पडद्यावर ते उमटे. खोल्या, वस्तू, पात्रे यांचा सगळा हिशेब दूरच्या एका संगणकात राही. आपल्यापर्यंत फक्त ओळी येत. ९६०० बिटांच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ९६० अक्षरे येतात. एवढ्यात एक अख्खी खोली मावते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. त्यातले स्वस्त ‘शेल’ खाते केवळ अक्षरे दाखवी. चित्रे दाखवणारे खाते विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेला. पुण्यात शिकायला गेल्यावर मित्राच्या शेल खात्यावरून मला मड भेटला, तो कोपनहेगन विद्यापीठात जन्मलेल्या डिकूमडच्या घराण्यातला.

बार्टल यांनी १९९६ साली एका निबंधात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: गुण कमावणारे, जागा धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि इतरांना छळणारे. मी दुसऱ्या प्रकारातला. आलेखवहीत चौकोन काढून नकाशा करायचा, हाच माझा खेळ. ‘अंधारी वाट’ असे वाचले की मला राखेच्या बंधाऱ्याकडे जाणारी वाट दिसे. त्याच ओळीवर उभ्या असलेल्या फिनलंडमधल्या मुलाला आणखी काही दिसत असणार. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आल्यावर ही वाट सर्वांसाठी एकच झाली. चित्र आले आणि वाचकाचा प्रेक्षक झाला.

पण माझी हुरहुर केवळ त्या दिवसांसाठी नाही. ते सारे जग इंग्रजीत होते, आणि मराठीत ते कसे घडले असते, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. जुने टर्मिनल १२८ चिन्हांच्या आस्की संकेतावर चाले. त्यात देवनागरीला जागा नव्हती. युनिकोडने ती अडचण दूर केली. खरी गंमत त्यापुढे, व्याकरणात आहे. इंग्रजीत ‘लॅम्प’ कुठल्याही वाक्यात ‘लॅम्प’च राहतो. मराठीत ‘दिवा घे’, पण ‘दिव्यात तेल घाल’. ‘विहीर बघ’, पण ‘विहिरीत उतर’. म्हणजे यंत्राला आधी सामान्यरूप शिकवावे लागणार.

दुसरा पेच लिंगाचा. मडमध्ये आपण कोण, हे झाकता येई. तिथल्या इंग्रजी क्रियापदाला स्त्री-पुरुष ठाऊक नसतात, फक्त सर्वनाम सांभाळावे लागते. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये उभारलेल्या लॅम्डामूमध्ये तर सर्वनामांचेही अनेक पर्याय होते. मराठीत मात्र ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘मी आलो’ म्हणताच मुखवटा गळून पडतो. तरी भाषेने एक फट ठेवली आहे. दाराची कडी वाजली की आपण ‘कोणीतरी आलंय’ म्हणतो. हे नपुंसकलिंग अनोळखी माणसासाठीच राखून ठेवलेले आहे. मराठी मडचे पहिले वाक्य तेच असावे.

या जगांचा एक दोष आहे. ती संगणक चालू असेपर्यंतच असतात. मालकाने बटण बंद केले की शेकडो खोल्या एका रात्रीत नाहीशा होतात. छापील प्रत कुणाकडे नसते. एकलहऱ्यात याचा अर्थ लवकर कळतो. इथले १९७०-७१ मधले पहिले दोन संच बंद झाले आहेत. २१० मेगावॅटचे नंतरचे तीन उरले आहेत. ज्या वसाहतीचे अस्तित्व वीजकेंद्रावर अवलंबून, तिच्या खोल्याही कुणीतरी वेळेत लिहून ठेवायला हव्यात. म्हणून मी छोटासा मराठी मड लिहू लागलो आहे. त्यातली पहिली खोली अशी:

‘तू वसाहतीच्या फाटकापाशी आहेस. वर चिमण्या, खाली कडुनिंबाची सावली. खिडकीच्या गजांवर राखेची पातळ साय. गोदावरी दिसत नाही, पण वारा तिकडूनच येतो. वाटा: उत्तर, पूर्व. कोणीतरी आलंय.’