तेजीचा कैफ, मंदीची धास्ती

फ्युचर्स-ऑप्शनच्या खेळात २०२४-२५ मध्ये ९१ टक्के किरकोळ ट्रेडर तोट्यात गेले, हा सेबीचा आकडा निघाला की 'सगळा टेस्टोस्टेरॉनचा प्रताप' म्हणणारा एखादा भेटतोच. या समजुतीला बळ मिळालं ते लंडनच्या एका ट्रेडिंग फ्लोअरवर. डेरिव्हेटिव्हची ट्रेडिंग सोडून केंब्रिजला संशोधनाकडे वळलेल्या जॉन कोट्स यांनी जो हर्बर्ट यांच्यासह १७ पुरुष ट्रेडरची लाळ कामाचे सलग आठ दिवस, सकाळी ११ आणि दुपारी ४ वाजता तपासायला घेतली. सकाळी टेस्टोस्टेरॉन चढं, तर त्या दिवसाची कमाईही बरी, असं त्यांच्या २००८ च्या निबंधात दिसलं. मर्दानगी आणि पैसा एकाच मथळ्यात बसवता येत असतील तर मोह कोणाला आवरणार! पण चढं टेस्टोस्टेरॉन तिथं नफ्याशी जोडलेलं होतं. मग आपल्याकडचा तोटा त्याच्या माथी कसा मारायचा? कैफ अति झाला की तोल जातो, हे उत्तर पटण्याजोगं आहे; मात्र २००९ साली २०० रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात चार आठवडे टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन देऊनही जोखमीच्या निर्णयांत फरक पडला नव्हता.

कोट्स-हर्बर्ट यांच्या निबंधातला कॉर्टिसोलचा, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचा, धागा मला अधिक मोलाचा वाटतो. ट्रेडरचं कॉर्टिसोल वाढलं ते तोट्यापेक्षा नफातोट्याच्या हेलकाव्यांबरोबर. १७ जणांवरून काय ठरवणार, आणि आधी काय, हेलकावा की संप्रेरक? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच २०१४ चा प्रयोग महत्त्वाचा. त्यात ३६ जणांना आठ दिवस हायड्रोकॉर्टिसोन देऊन कॉर्टिसोल ६९ टक्क्यांनी वाढवलं. सुरुवातीला फारसं काही घडलं नाही. आठवडा सरला तेव्हा मात्र जोखीम पत्करायला ते मागत असलेला मोबदला ४४ टक्क्यांनी वाढला होता. डाव प्रयोगशाळेतले होते हे खरं, पण माणसाची जोखमीची भूक कायम एकसारखी असते या अर्थशास्त्राच्या गृहीतकाला त्यानं धक्का दिला. घसरण आठवडेच्या आठवडे लांबली की शेअर स्वस्त झालेले असतात आणि घेणाऱ्याचा हात नेमका तेव्हाच आखडतो, तो का, याचा एक धागा इथं हाती लागतो. अर्थात समोर माणूस असेल तर. सेबीच्याच २०२३-२४ च्या हिशेबानुसार फ्युचर्स-ऑप्शनच्या बाजारात परदेशी गुंतवणूकदारांनी कमावलेला ९७ टक्के नफा अल्गो ट्रेडिंगमधून, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीनं केलेल्या व्यवहारांतून, आला होता, आणि अल्गोची लाळ तपासता येत नाही.