घरचे कागद आणि मेघांतील कोठार

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं जी गोष्ट घडली ती प्रथम सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. मुलगा बोईसरचा. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत कामाला. मूळ गांव जव्हारच्या बाजूस. मुलाचा जमातीचा दाखला काढावयाचा होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या रहिवासाचा पुरावा पाहिला जातो, आणि म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेंतील जुन्या नोंदींस फार मोल असतें. या मुलाचे पणजोबा मराठी दुसरीपर्यंत शिकले होते, व त्यांच्या नोंदीचा एकच उतारा घरांत होता. लांकडी पेटींत ठेविलेल्या त्या उताऱ्यास वाळवी लागली. वडिलांनीं पूर्वीं त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेविला होता. परंतु जुलैच्या एका सायंकाळीं पालघर स्टेशनावर उतरतांना तो मोबाईल भिजला आणि पुन्हा सुरू झाला नाहीं.

घरांत चार दिवस चूल पेटली ती केवळ नांवाला. अखेर विक्रमगडास राहणाऱ्या आत्यानें सांगितलें कीं, दोन वर्षांपूर्वीं दादानें हा फोटो मलाही पाठविला होता, आणि तो मीं जपून ठेविला आहे. त्या फोटोवरून शाळेचें नांव, सन व जनरल रजिस्टरचा क्रमांक समजला; त्या आधारानें शाळेंत जुनी नोंद सांपडली व नवा उतारा मिळाला. फोटो हा कांहीं मूळ कागद नव्हे, परंतु मूळ नोंदीची वाट त्यानेंच दाखविली.

ही हकीकत ऐकल्यावर अनेक पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, आपले कागद व फोटो “क्लाऊड”वर ठेवावे म्हणतात तें खरें काय, आणि ठेवावयाचे तर कोणत्या कंपनीकडे? या प्रश्नाचें उत्तर आमच्या अल्पमतीप्रमाणें येथें देत आहों.

क्लाऊड म्हणजे मेघ. नांव मेघाचें असलें तरी त्यांत आकाशांतील कांहीं नाहीं. आपण पाठविलेला फोटो इंटरनेटच्या मार्गानें एका मोठ्या इमारतींत जातो. तिला डेटा सेंटर म्हणतात. तेथें हजारों संगणक रात्रंदिवस चालू असतात; त्यांस अखंड वीज लागते, व ते तापूं नयेत म्हणून थंडावा लागतो. अशा इमारती आपल्यापासून फार दूर नाहींत. नवी मुंबईंत ऐरोली-महापे भागांत त्या उभ्या आहेत; मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं मुंबई, पुणें व चेन्नई येथें, आणि अमेझॉननें २०१६ सालीं मुंबईंत आपलीं केंद्रें सुरू केलीं. मात्र आपली फाईल यांपैकींच एखाद्या इमारतींत असेल असें समजूं नये. ती देशाबाहेरही असूं शकते. तात्पर्य, क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यांत भाड्यानें घेतलेली खोली होय.

घरच्या पेटीला अशा दूरच्या खोलीची जोड कां हवी, हें आपल्या जिल्ह्यांतील माणसास फारसें समजावून सांगावयास नको. समुद्राच्या खाऱ्या हवेनें लोखंड गंजतें, पावसाळ्यांतील ओलीनें कागदास बुरशी येते. २०१८ च्या जुलैंत वसई-नालासोपाऱ्याच्या वस्त्यांत पाणी शिरलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागांत भूकंपाचे धक्के बसूं लागले, आणि भिंतींस तडे गेल्यामुळें अनेक कुटुंबांनीं थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. अशा वेळीं मनुष्य लेंकरांना घेऊन बाहेर पडतो. पेटी आंतच राहते. सरकारी कचेरीही यास अपवाद नाहीं. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंतील मंत्रालयास आग लागली, तींत पांच माणसें दगावलीं व वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली जळून गेल्या.

परंतु कागद मेघांत पाठविले कीं काळजी मिटली, असेंही नाहीं. दक्षिण कोरियांतील डेजॉन शहरीं २६ सप्टेंबर २०२५ रोजीं सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तेथील सरकारी नोकरांचीं कामाचीं कागदपत्रें ज्या सामाईक कोठारांत असत, त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेविलेली नव्हती. ८५८ टेराबाईट, म्हणजे साडेआठ लाख जीबींहून अधिक मजकूर, त्या एका आगींत नाहींसा झाला. यंत्रविद्येंत अग्रेसर अशा देशाची ही गत! वाड्याकडचा कोलम पिकविणारा शेतकरीसुद्धां सारें बियाणें एका कणगींत ठेवीत नाहीं. हाच विचार पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें “तीन-दोन-एक” या नियमानें प्रसिद्ध केला: प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक तरी घराबाहेर असावी. क्लाऊड ही यांतील केवळ एक प्रत होय, हें विसरतां कामा नये.

आतां खोली निवडण्याचा प्रश्न. भाडेकरूनें घरमालकास जे प्रश्न विचारावयाचे, तेच येथें विचारावे.

पहिला प्रश्न जागेचा व भाड्याचा. गूगलच्या खात्यांत १५ जीबी जागा फुकट मिळते, परंतु त्यांत ईमेल, ड्राईव्ह व फोटो या तिघांचा वांटा असतो. अँड्रॉईड मोबाईलवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आतां त्याच जागेंत मोजला जातो. ॲपलचें आयक्लाऊड व मायक्रोसॉफ्टचें वनड्राईव्ह हीं प्रत्येकीं ५ जीबी, आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी फुकट देतें. याहून अधिक जागेस महिन्याला वा वर्षाला भाडें पडतें, आणि तें भरणें थांबविलें कीं नवें कांहीं ठेवतां येत नाहीं. आतां हिशेब करूं. मोबाईलचा एक फोटो सरासरी ३ मेगाबाईटचा धरला, तर १५ जीबींत सुमारें पांच हजार फोटो मावतील. कागदाची एक स्वच्छ प्रत अर्ध्या मेगाबाईटांत बसते. म्हणजे दाखले, सातबारा, गुणपत्रिका, रेशनकार्ड मिळून शंभर कागद अवघ्या ५० मेगाबाईटांत राहतील. यावरून दिसेल कीं, जागा खातात ते लग्नाचे व सहलीचे व्हिडिओ; ज्या कागदांवर मुलांचें भवितव्य अवलंबून असतें त्यांस कोपराभरही जागा लागत नाहीं. तेव्हां कागदांसाठीं कोणीही पैसे खर्चूं नयेत. फोटो फार असतील तरच भाड्याचा विचार करावा.

दुसरा प्रश्न असा कीं, येथें पुसलें तर तेथेंही पुसलें जातें काय? पुष्कळ लोक येथेंच फसतात. बॅकअप म्हणजे निराळी ठेव. सिंक म्हणजे आरसा. गूगल फोटो किंवा आयक्लाऊड चालू असतां, जागा करावी म्हणून मोबाईलमधील फोटो त्याच ॲपमधून पुसला, तर मेघांतलाही जातो. कांहीं दिवस तो कचरापेटींत राहतो: बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोमध्यें ६० दिवस, गूगल ड्राईव्हमधील फाईल ३० दिवस. तेवढ्या मुदतींत परत आणतां येतो, पुढें नाहीं. म्हणून जी ठेव केवळ आरशासारखी आहे, तिला एकटीला ठेव मानूं नये.

तिसरा प्रश्न किल्लीचा. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या फायली सांकेतिक लिपींत ठेवितात, परंतु त्या लिपीची किल्ली कंपनीपाशींही असते. आपण पासवर्ड विसरलों तर ती दार उघडून देऊं शकते, हा यांतील फायदा. आणि कायद्याच्या हुकुमानें दुसऱ्यासही उघडून देऊं शकते, ही यांतील उणीव. प्रोटॉन ड्राईव्ह व मेगा यांसारख्या सेवांत किल्ली केवळ आपल्याच हातीं असते. तेथें गुप्तता अधिक. परंतु पासवर्ड व तो परत मिळविण्याचा संकेत हे दोन्ही हरवले, तर त्या फायली जगांत कोणासही उघडतां येणार नाहींत. ज्या घरांत पासवर्ड वारंवार विसरला जातो, तेथें ही दुसरी पद्धति आम्ही सुचविणार नाहीं.

चौथा प्रश्न: मालकानें नियम बदलले किंवा दुकानच बंद केलें तर? ही शंका पोकळ नाहीं. गूगल फोटोमध्यें पूर्वीं हलक्या प्रतीचे फोटो अमर्याद फुकट ठेवतां येत. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. अमेझॉनसारख्या धनाढ्य कंपनीनें आपली अमेझॉन ड्राईव्ह ही सेवा ३१ डिसेंबर २०२३ रोजीं बंद केली. शिवाय, जें वैयक्तिक गूगल खातें दोन वर्षें वापरलें जात नाहीं, तें त्यांतील मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार कंपनीनें आपल्याकडे ठेविला असून, २०२३ च्या डिसेंबरपासून त्याचा अंमल सुरू झाला आहे. म्हणून खातें उघडून विसरून जाऊं नये. दिवाळीस व उन्हाळ्याच्या सुटींत एकदां तरी उघडून पाहावें. याला जोडूनच पांचवा प्रश्न येतो: आपलें सामान एकदम बाहेर काढतां येतें काय? गूगलमध्यें “टेकआऊट” नांवाची सोय त्यासाठींच आहे. जेथें सामान आंत नेणें सोपें पण बाहेर काढणें कठीण, त्या वाड्यांत बिऱ्हाड करूं नये.

सरकारनें १ जुलै २०१५ रोजीं सुरू केलेल्या डिजीलॉकरविषयीं येथें दोन शब्द सांगावयास हवेत. त्यांत दोन प्रकारचे कागद असतात. परीक्षा मंडळ किंवा परिवहन खातें यांसारख्या संस्थेनें स्वतः पाठविलेला कागद हा “इश्यूड” कागद. २०१६ च्या नियमांप्रमाणें त्यास मूळ कागदाचाच मान आहे. आपण स्वतः फोटो काढून चढविलेला कागद ही नुसती नक्कल. दोन्ही एकाच ॲपमध्यें दिसतात म्हणून त्यांची योग्यता एक समजूं नये, आणि मूळ कागद कधींही टाकून देऊं नये.

या सर्वांचा विचार करतां आमचें मत असें आहे. फोटोंसाठीं मोबाईलबरोबर आलेलीच सेवा घ्यावी. अँड्रॉईड असल्यास गूगल, आयफोन असल्यास आयक्लाऊड. कारण ती आपोआप चालते, आणि जें काम आठवणीनें करावें लागतें तें बहुधा राहून जातें. कागदांची एक प्रत त्याच खात्यांत, दुसरी वनड्राईव्हसारख्या निराळ्या कंपनीच्या खात्यांत ठेवावी, व जें डिजीलॉकरमध्यें मिळतें तें तेथें घ्यावें. याशिवाय सर्वांची एक प्रत पेनड्राईव्हवर किंवा हार्ड डिस्कवर काढून ती परगांवच्या नातेवाईकाकडे ठेवावी, आणि वर्षांतून एकदां ती उघडते कीं नाहीं हें पाहावें.

पहिली भरती करण्यास वेळ लागतो, यानें घाबरूं नये. सेकंदास ५ मेगाबिट या वेगानें १५ जीबी मजकूर पाठविण्यास सुमारें पावणेसात तास लागतात. वायफाय असेल तेथें मोबाईल चार्जिंगला लावून रात्रीं हें काम होऊं द्यावें.

आतां कुलपासंबंधीं. तारापूरच्या कारखान्यांत काम करणारीं कितीतरी माणसें सिमकार्ड वारंवार बदलतात. परंतु खात्याचा ओटीपी जुन्याच नंबरवर जातो, व बंद पडलेला नंबर कंपनी पुढें दुसऱ्यास देते. नंबर बदलतांच खात्यांतही बदलावा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, आणि तिच्याबरोबर मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरांत ठेवावे. झेरॉक्सच्या किंवा ऑनलाईन फॉर्मच्या दुकानांत आपलें खातें उघडल्यास निघतांना तें बंद करावें, व तेथील संगणकावर उतरविलेली आधारकार्डाची प्रत पुसून टाकण्यास सांगावें. लिंक पाठवितांना ती सर्वांस खुली नाहीं ना, हेंही पाहावें. खातें वडिलांचें असेल तर त्याची माहिती आईसही असावी. आपल्या पश्चात् खातें कोणाच्या स्वाधीन व्हावें हें नोंदविण्याची सोय गूगल व ॲपल या दोघांनींही केलेली आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या आईवडिलांपेक्षां हें यंत्र तुमच्या हातास अधिक सरावलेलें आहे. येत्या सुटींत एक दुपार यासाठीं काढा. घरांतील पेटी आईच्या संमतीनें उघडा, एकेक कागद खिडकीच्या उजेडांत सपाट ठेवून त्याची प्रत घ्या, आणि फाईलला आकड्यांचें नांव न देतां “आजोबा शाळा दाखला” असें स्पष्ट नांव द्या. मग दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर आपलें खातें उघडून त्यांतील एक कागद परत उतरवून पाहा, व काम होतांच त्या मोबाईलवरून बाहेर पडा. जी ठेव काढून पाहिली नाहीं, ती ठेव आहे असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं.

ज्या मुलाची हकीकत आरंभीं सांगितली, त्याचा दाखला यथाकाळीं मिळाला. त्याच्या पणजोबांच्या उताऱ्याच्या आतां चार प्रती आहेत, आणि त्यांतील एक विक्रमगडास आत्याच्या कपाटांत आहे. ती तेथून हलवावयाची नाहीं, असें त्या घरांत सर्वानुमतें ठरलें आहे.