फोडणीपुरती बाग

भाजी घेतली की पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकायच्या, ही भाजीवाल्यांची जुनी रीत. आता ती बऱ्याच ठिकाणी मोडली आहे. पावसाळ्यात तर कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून पुढे केलेला हात मागे येतो. लागतात चार काड्या, पण घ्यावी लागते अख्खी जुडी. उरलेली फ्रीजमध्ये तिसऱ्या दिवशी काळी पडते.

घरच्या बागेचा विचार नेमका इथून सुरू करायला हवा. पुष्कळ कुटुंबे हौसेने फ्लॉवर, कोबी, दुधी लावतात आणि तीन-चार महिन्यांत कुंड्या रिकाम्या करून माळ्यावर टाकतात. कारण साधे आहे. चौघांच्या कुटुंबाला एका वेळी अर्धा-पाऊण किलो भाजी लागते. फ्लॉवरचे एक रोप जवळजवळ तीन महिने कुंडी अडवून बसते आणि शेवटी देते एकच गड्डा. तेवढ्याच जागेतला कढीपत्ता मात्र वर्षानुवर्षे रोजच्या फोडणीला पुरतो.

म्हणून जागा थोडी असेल तर हिशेब असा ठेवावा: जे थोडे, ताजे आणि रोज लागते ते घरी लावावे, जे किलोने लागते ते बाजारातून आणावे. हा हिशेब पाळला तर दोन खिडक्यांचा फ्लॅटही बागेला पुरतो.

आधी ऊन पाहा, मग कुंडी आणा

कुंड्या आणण्यापूर्वी एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता घरात ऊन कुठे येते ते पाहून ठेवावे. मिरची, टोमॅटो, वांगे यांना रोज निदान ५-६ तास थेट ऊन हवे. मेथी, कोथिंबीर, पुदिना ३-४ तासांवरही भागवतात. ऊन ऋतूनुसार सरकते, हेही ध्यानात असू द्यावे. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये आतपर्यंत येणारे ऊन मे-जूनमध्ये जवळजवळ नाहीसे होते, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो. मिरची 'आपोआप' रोडावली असे वाटते, तेव्हा पुष्कळदा दोष खताचा नसून उन्हाचा असतो.

मातीच्या बाबतीत नुसती काळी माती टाळावी. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, हे मिश्रण बहुतेक झाडांना मानवते. कुंडीला तळाशी भोक हवेच. मेथीला ४-६ इंच खोलीचा ट्रे चालतो, कोथिंबिरीला ८ इंच, मिरचीला १२ इंच आणि कढीपत्त्याला दीड फुटाची कुंडी द्यावी.

पाणी घड्याळाप्रमाणे घालू नये. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कुंडीतली झाडे तहानेपेक्षा मुळे कुजूनच अधिक मरतात.

काय लावावे?

कोथिंबीर : धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया. लाटण्याने हलके रगडून त्याची दोन दले करावीत, रात्रभर भिजवावीत आणि मग पेरावीत. उगवायला ८ ते १५ दिवस लागतात. डब्यातले धणे जुने असले तर उगवत नाहीत, म्हणून आधी दहा-बारा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. साधारण ४० दिवसांत कोथिंबीर काढणीला येते. एकदम सगळी न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक ट्रे पेरला तर खंड पडत नाही. कडक उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते, तेव्हा दुपारची सावली द्यावी.

मेथी : मुंबईच्या बाजारात मुळांसकट छोट्या जुड्यांनी मिळणारी 'समुद्रमेथी' आठवा. किनाऱ्याजवळच्या वाळूत दाट पेरून ती कोवळी असतानाच उपटतात. हीच युक्ती घरी करता येते. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून उथळ ट्रेमध्ये दाट पेरले तर दोन आठवड्यांत पचडी-कोशिंबिरीपुरती कोवळी मेथी मिळते. नवख्यांनी सुरुवात हिच्यापासूनच करावी.

पुदिना आणि गवती चहा : दोन्ही बाजारातल्या जुडीतूनच लावता येतात. पुदिन्याच्या जाड काड्यांची खालची पाने काढून त्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. पुदिना आडवा पसरतो, म्हणून त्याला पसरट आणि स्वतंत्र कुंडी द्यावी. गवती चहा मात्र बुडखा शाबूत असलेलाच निवडावा.

कढीपत्ता : हे सबुरीचे झाड आहे. पहिले वर्षभर फार तोडू नये. नंतर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. पाने एकेक ओरबाडण्याऐवजी पूर्ण काडी तोडावी. बीपासून लावायचे असल्यास पिकलेली काळी फळे ताजी असतानाच पेरावीत, साठवलेले बी उगवत नाही. दिल्ली-लखनौकडच्या मराठी कुटुंबांचा कढीपत्ता थंडीत पाने गाळतो. तेव्हा झाड मेले म्हणून उपटू नये. पाणी कमी करून उन्हात ठेवावे, वसंतात पालवी फुटते.

मिरची : महिनाभराच्या रोपाला चार-सहा पाने आली की मोठ्या कुंडीत लावावे. बंद गॅलरीत वारा आणि कीटक येत नसतील तर फुले आलेली फांदी बोटाने हलके हलवावी, म्हणजे मिरच्या धरतात. मे महिन्याच्या उन्हात फुले गळतात, ती पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा येतात.

पानओवा : जाड, लवदार पानांचे हे झाड फांदी खोचली की लागते. ओव्याचा वास असला तरी आपला फोडणीचा ओवा या झाडाचा नव्हे, तो वेगळ्याच रोपाचे बी असते. पानओव्याच्या भजी आपल्याकडे होतातच, कर्नाटकात याच पानांची ताकातली 'तंबुळी' करतात.

अळू : भांडी विसळलेले साधे पाणी जिथे जाते तिथे अळू छान वाढते. पण पाने खाण्याच्या अळूचीच हवीत. शोभेची त्यासारखी दिसणारी झाडे खाऊ नयेत. अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे घसा खाजतो, म्हणून चिंच किंवा कोकम घालून ते पूर्ण शिजवावे.

कचऱ्यातून माती

खतासाठी रोज पैसे मोजण्याची गरज नाही. भोके पाडलेल्या जुन्या माठात भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा धुतलेला चोथा आणि त्यावर तितकाच वाळका पालापाचोळा असे थर देत गेले तर दोन-तीन महिन्यांत काळसर, पावसाळी मातीचा वास असलेले खत तयार होते. घाण वास आला तर ओल जास्त झाली असे समजून कोरडा पाला वाढवावा. तेलकट उरलेसुरले अन्न आणि मासळीचे अवशेष त्यात टाकू नयेत.

हे मोठ्या प्रमाणावरही साधते. श्री. अ. दाभोलकर यांनी आपल्या 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्यापासून सुपीक माती बनवण्याचा विचार महाराष्ट्रात पोहोचवला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांचा वापर करून शहरी शेतीची पद्धत रुजवली. तिच्याच आधारे २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून फळभाज्या पिकवायला सुरुवात केली.

गच्ची वापरताना मात्र वजनाचे भान हवे. एक घनफूट ओली माती साधारण ५० किलोच्या घरात जाते. जुन्या इमारतीत अभियंत्याला विचारल्याशिवाय आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय वाफे करू नयेत. खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली तर मेथी फार महागात पडते!

औषध फवारण्याआधी

बाजारच्या पालेभाजीवर काय फवारले आहे याची काळजी प्रत्येक आईला वाटते. मग घरच्या मिरचीवर मावा दिसताच दुकानातून जहाल कीटकनाशक आणणे कितपत शहाणपणाचे? सुरुवातीला मावा पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. भागले नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. नंतर काही दिवस पाने तोडू नयेत आणि तोडल्यावर नीट धुवावीत.

दुसरा धोका कुंडीखालच्या ताटलीत असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्यात. पाण्यात वाढवलेल्या पुदिन्याचे पाणीही बदलावे. हे काम मुलांकडे द्यावे, ती ते इमानाने करतात.

ताटात आणि काढ्यात

कोथिंबीर, पुदिना गॅस बंद केल्यावर घालावा, कढीपत्ता तेलात आणि गवती चहा पाणी उकळतानाच. कढीपत्ता जास्त झाला तर सावलीत वाळवून तीळ, सुके खोबरे, लाल मिरची घालून चटणी करावी. ताटात बाजूला सारली जाणारी पाने अशी पोटात जातात.

तुळस, गवती चहा, पानओवा यांचा काढा घशाला बरा वाटतो, पण तो आराम आहे, इलाज नव्हे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर क्षयाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. ताप चढत असेल, लहान मूल धापा टाकत असेल तर काढा उकळत न बसता डॉक्टरांकडे जावे.

पहिल्या महिन्यात तीनच कुंड्या ठेवा: मेथीचा ट्रे, पुदिना आणि कढीपत्ता. मेथी पंधरवड्यात ताटात येईल आणि हुरूप देईल, पुदिना महिन्याभरात चटणीला पुरेल आणि कढीपत्ता वाट पाहायला शिकवेल. तिन्ही जगल्या की मगच चौथी आणा.