घोड्याला नाल: मारावा की नको?

आटपाडीकडे घोडं दिसतं ते बहुधा मेंढरांच्या कळपामागं. पाठीवर धनगराचा सगळा संसार आणि पायाला नाल नाही, असं चित्र इथं नवं नाही. ते बघून कुणी ठरवतं की देशी घोड्याला नाल लागतच नाही. उलट रपेटीसाठी घोडा घेतलेला हौशी माणूस म्हणतो, नालाशिवाय घोडा कसला!

मेंढरामागचं घोडं कळपाच्या चालीनं, माळावरून आणि रानातून चालतं. त्याचा खूर जितका वाढतो तितका झिजतो. वाढ महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, किंवा थोडी कमीच. स्वार पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यानं रोज दुडक्या चालीनं जाणाऱ्या घोड्याची झीज याहून जास्त होते आणि मग तो खडीवर पाय जपून टाकू लागतो. अशा घोड्याला नाल हवा. म्हणजे घोड्याच्या जातीपेक्षा जमीन आणि काम बघायचं. पांढरा खूर कच्चा आणि काळा पक्का, हाही समजच. रंगावरून मजबुती ठरत नाही.

खिळे घोड्याला दुखतात का? नीट मारले तर नाही. पाय उचलून तळवा साफ केला की कडेच्या भिंतीच्या आत एक फिकट रेघ दिसते. तिच्या बाहेरचा भाग आपल्या नखासारखा, संवेदना नसलेला. नालाच्या खिळ्याचं टोक एका बाजूनं तासलेलं असतं, म्हणून तो आत न शिरता बाहेरच्या बाजूला वळतो; बाहेर आलेलं टोक मोडून खुरावर बसवतात. खिळा रेघेच्या आत गेला तर मात्र घोडा लंगडतो, खूर गरम लागतो. खिळा लगेच काढावा आणि डॉक्टरला बोलवावं, कारण धनुर्वाताचा धोका घोड्याला फार असतो. लस आधीच टोचलेली बरी.

नाल मारला की घोडा घसरत नाही, हे तर उलटंच. गुळगुळीत डांबरावर, फरशीवर लोखंड सरकतं. उघडा खूर जास्त धरतो. माथेरानच्या अश्वपालांची पेव्हर ब्लॉकबद्दल हीच तक्रार आहे.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘नाल गळून पडेपर्यंत राहू दे’. नालाखाली खूर झिजत नाही, नुसता वाढतो. पुढचं टोक लांबतं, टाच दबते, पायाच्या शिरांवर ताण येतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवावाच लागतो. नाल झिजला नसेल तर तोच परत चालतो. बैलाला पत्री, म्हणजे बैलाचा नाल, मारणारा गावोगाव मिळतो, पण बैलाचा खूर दुभंगलेला, पत्र्या दोन, आणि बैल पाडून मारायच्या. घोड्याचं काम नालबंदाचंच. तो वेळच्या वेळी येणार नसेल, तर माझ्या मते रपेट कमी करून खूर उघडा ठेवलेला बरा. तासणं तेव्हाही चुकत नाही.

मधला मार्गही आहे. घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून कित्येक ठिकाणी पुढच्या दोनच पायांना नाल मारतात. आणि नाल कायमचा काढायचा असेल तर पावसाळ्यानंतर, जमीन मऊ असताना काढावा. पहिले काही आठवडे, कधी काही महिनेही, घोडा खडीवर बिचकतो. तोवर त्याला मातीच्या वाटेनंच न्यावं.