रविवारची सहल आणि प्रकाश मोजणारा कॅमेरा

एखाद्या रविवारी सकाळी तुम्ही सात-आठ जण सिंहगड चढून गेला आहात असे समजा. घाम पुसत सगळे पुणे दरवाजाच्या कमानीत थांबता. कमानीखाली गार सावली आहे आणि बाहेर लख्ख ऊन पडले आहे. एक मित्र कमानीत उभा राहतो आणि तुम्ही आतल्या बाजूने कॅमेऱ्याची कळ दाबता. घरी येऊन छायाचित्र नीट पाहता, तर आकाश छान निळे आले आहे. पण मित्राच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग! तिथे उभे असताना तर तुम्हाला त्याचे हसणे आणि कपाळावरचा घामसुद्धा स्पष्ट दिसत होता. मग कॅमेऱ्याला ते का दिसले नाही?

यात कॅमेऱ्याचा दोष नाही, आणि महागडा कॅमेरा असता तर हे टळलेच असते असेही नाही. खरी गोष्ट अशी की, कॅमेरा आपल्यासारखे पाहत नाही. तो फक्त प्रकाश मोजतो. एवढे एक नीट समजले, की मोबाइलमधल्या साध्या कॅमेऱ्यानेही उत्तम छायाचित्रे काढता येतात आणि सहलीची गंमत दुप्पट होते.

अंगणातल्या वाट्या

पावसाळ्यात अंगणभर सारख्या आकाराच्या वाट्या ओळीने मांडून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. थोड्या वेळाने प्रत्येक वाटीत किती पाणी साठले ते मोजले, तर कोठे किती पाऊस पडला याचा नकाशाच तयार होईल. डिजिटल कॅमेऱ्यात भिंगामागे सिलिकॉनची एक लहानशी चकती असते. तिला संवेदक म्हणतात. तिच्यावर अशाच लक्षावधी सूक्ष्म वाट्या असतात. पाऊस असतो प्रकाशकणांचा, म्हणजेच फोटॉनांचा. सिलिकॉनवर फोटॉन आदळला, की त्यातून एक इलेक्ट्रॉन सुटू शकतो. हे सुटलेले इलेक्ट्रॉन वाटीत साठतात, त्यांचे मोजमाप होते आणि प्रत्येक वाटीचा एक आकडा तयार होतो. या आकड्यांचा तक्ता म्हणजेच तुमचे छायाचित्र!

बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या ओळीत 4000 आणि उभ्या ओळीत 3000 अशा सुमारे 1 कोटी 20 लाख वाट्या असतात. अशा संवेदकाची पहिली कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना 1969 साली सुचली. 2009 च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात या शोधासाठी दोघांना वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने 1975 साली हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जोडला. त्यात फक्त 10,000 वाट्या होत्या. चित्र काळे-पांढरे येई, आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवायला 23 सेकंद लागत!

वाटी भरून वाहिली तर?

आता पुन्हा कमानीत येऊ. बाहेरच्या आकाशाकडून प्रकाशाची मुसळधार येत आहे, तर सावलीतल्या चेहऱ्याकडून जेमतेम रिमझिम. कॅमेऱ्याने आकाशाच्या वाट्या भरून वाहू नयेत म्हणून प्रकाश लवकर बंद केला. तेवढ्या वेळात चेहऱ्याच्या वाट्यांत चार थेंबच पडले. म्हणून चेहरा काळा आला.

आपल्या डोळ्याचे तसे नसते. आकाशाकडे पाहताना बाहुली लहान होते, सावलीकडे वळताच मोठी होते. डोळा सारखा इकडून तिकडे फिरतो आणि मेंदू हे सारे तुकडे जोडून एकच देखावा आपल्यापुढे ठेवतो. कॅमेऱ्याच्या एका चित्रात मात्र सगळ्या वाट्या सारखाच वेळ उघड्या राहतात.

मोबाइलच्या पडद्यावर मित्राच्या चेहऱ्यावर बोट टेकवले, तर बहुतेक कॅमेरे चेहऱ्याला पुरेल इतका प्रकाश घेतात. पण मग आकाश पांढरेफटक होते, कारण तिथल्या वाट्या भरून वाहतात. वाहून गेलेले पाणी किती होते हे कोणालाच सांगता येत नाही. तसेच पांढऱ्याफटक झालेल्या आकाशातले ढग नंतर कोणताही संगणक मोजून देऊ शकत नाही. म्हणून कळ दाबण्यापूर्वी स्वतःला विचारा, ‘या चित्रात मला काय जपायचे आहे?’ पुष्कळदा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन पावले चालणे! मित्राला कमानीच्या बाहेर आणा, उजेड त्याच्या तोंडावर पडेल असे उभे करा, आणि चेहरा व आकाश दोन्ही मिळतील.

प्रकाशाच्या दोन तोट्या

वाटीत किती प्रकाश पडू द्यायचा हे दोन गोष्टींनी ठरते. पहिली म्हणजे भिंगाचे छिद्र. स्वतंत्र कॅमेऱ्यावर त्यासाठी 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 असे आकडे असतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. त्यामुळे आकडा मोठा तितके छिद्र लहान. दर पायरीला प्रकाश निम्मा होतो, पण आकडा मात्र दुप्पट न होता सुमारे 1.4 पटच होतो. असे का? वर्तुळाचे क्षेत्रफळ आठवून तुम्हीच उत्तर शोधा. बहुतेक मोबाइलमध्ये मात्र हे छिद्र कायम एकाच मापाचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. समजा, तुमचा मित्र सेकंदाला 5 मीटर वेगाने पळत कॅमेऱ्यासमोरून जात आहे. प्रकाश सेकंदाचा 30 वा भाग आत घेतला, तर तेवढ्यात तो सुमारे 17 सेंटिमीटर पुढे जाईल आणि चित्र फरफटल्यासारखे दिसेल. सेकंदाचा 500 वा भाग घेतला, तर तो फक्त 1 सेंटिमीटर सरकेल आणि जणू हवेत थबकलेला दिसेल. याउलट, पावसाळ्यातल्या धबधब्यासाठी पाव सेकंद ठेवला तर पाणी रेशमासारखे मऊ दिसते. मात्र त्या वेळी कॅमेरा दगडावर किंवा पिशवीवर घट्ट टेकवायला हवा.

‘आयएसओ’ नावाचा तिसरा आकडा अनेकांना फसवतो. तो वाढवला की चित्र उजळते, म्हणून कॅमेऱ्यात जास्त प्रकाश आला असे वाटते. तसे नसते. साठलेल्या थोड्या प्रकाशाचा आकडा नुसता मोठा करून मांडला जातो.

अंधारात चित्र खरखरीत का येते?

याचेही उत्तर पावसातच आहे. थेंब काही रांगेत शिस्तीने पडत नाहीत. शेजारशेजारच्या दोन वाट्यांत सरासरीने 100 थेंब पडणार असतील, तर एकीत 108 तर दुसरीत 93 पडतील. हा चढउतार सुमारे सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. 100 चे वर्गमूळ 10, म्हणजे चढउतार शेकडा 10. पण सरासरी 10,000 थेंबांची असेल, तर वर्गमूळ 100, म्हणजे चढउतार शेकडा फक्त 1! फोटॉनांचेही अगदी असेच असते. संध्याकाळी प्रकाश कमी, म्हणून शेजारच्या वाट्यांच्या आकड्यांत तफावत जास्त. तीच आपल्याला चित्रातल्या रवाळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. आजचे अनेक मोबाइल रात्री एकामागून एक पुष्कळ चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतात, ती याचसाठी. 16 चित्रे मिळवली की ही खरखर एका चित्राच्या मानाने चौथाई होते.

रंग मोजलेले आणि रंग अंदाजाने भरलेले

वाटीला थेंब मोजता येतात, थेंबाचा रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक वाटीवर लाल, हिरवी किंवा निळी काच असावी तशी एक गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेचे पेटंट 1976 सालचे आहे. तिच्यात निम्म्या वाट्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. म्हणजे प्रत्येक वाटीत एकच रंग मोजला जातो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने काढले जातात. चित्रातल्या दर तीन आकड्यांपैकी दोन असे हिशेबाने आलेले असतात!

पडद्यावर बोटे फाकवून चित्र मोठे केले, की हा अंदाज आणखी वाढतो. मोबाइलला दूरचे दाखवणारे वेगळे भिंग नसेल, तर दुप्पट मोठे करताना मधला चौथा हिस्साच वापरला जातो. 1 कोटी 20 लाखांतून उरतात 30 लाख. म्हणून जवळ जाणे शक्य असेल तिथे पायच वापरावेत.

पुढच्या सहलीत करून पाहा

1. एक पांढरा कागद आणि एक काळे कापड एकाच उन्हात ठेवा. प्रत्येकाचे पूर्ण चौकट भरेल असे चित्र घ्या. दोन्ही राखाडीकडे झुकलेली दिसतील. समोरचे दृश्य मध्यम उजळ असणार, असे कॅमेऱ्याने गृहीत धरलेले असते.

2. तटबंदीचा एकच भाग सकाळी आठला आणि दुपारी बाराला टिपा. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडांचा खडबडीतपणा आणि टाकीचे घाव उठून दिसतील. दुपारी समोरचे टेकाडही सपाट वाटेल.

3. सूर्योदयानंतर लगेच आणि तासाभराने त्याच झाडाचे चित्र घ्या. सुरुवातीचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. वाटेत त्यातला निळा प्रकाश जास्त विखुरला जातो, म्हणून ऊन सोनेरी दिसते.

भिंगातून थेट सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. कड्याच्या टोकावर पाठमोरे सरकत चित्र काढू नका. घरट्यातल्या पक्ष्याला उठवून चित्र मिळवणे, हा तर छंद नव्हे, उपद्रव.

आणखी एक काम सुचवतो. तुमच्या वाटेवरचा एखादा पळस निवडा. दर महिन्याला त्याच जागी उभे राहून त्याचे चित्र घ्या आणि वहीत तारीख, वेळ व हवामान लिहा. मूळ चित्र जसेच्या तसे जपून ठेवा. उजळ-फिकट करायचे ते त्याच्या प्रतीवर करा. पाने कधी झडली, पहिली कळी कधी आली, हे वर्षभराने तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. पाच वर्षांनी ही चित्रे ओळीने मांडाल, तेव्हा फुलोरा लवकर येतो आहे की उशिरा, हे सांगणारा पुरावा तुमच्याजवळ असेल. आज न टिपलेला बहर पुढे कोणालाही टिपता येणार नाही.

तेव्हा या रविवारी कॅमेरा घ्या, वही घ्या आणि बाहेर पडा. कळ दाबण्याआधी क्षणभर थांबून पाहा, प्रकाश कोठून येतो आहे?