आधी पळायची वाट, मग कुदळ

वीस जणांची रांग डोंगरउतारावरून पुढे सरकत असते. सगळ्यात पुढचे चेनसॉवाले झुडपं आणि खाली झुकलेल्या फांद्या कापतात, त्यांचे जोडीदार ते सगळं आगीपासून दूरच्या बाजूला भिरकावतात. मागोमाग पुलास्कीवाले येतात. पुलास्की हे एका तोंडाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या तोंडाला कुदळीसारखं पातं असलेलं अवजार. प्रत्येकाने दोन-चार घाव घालायचे आणि पाऊल पुढे टाकायचं, एका जागी खणत बसायचं नाही. शेवटचा माणूस उरलासुरला पाला ओढून पुढे जातो, तेव्हा त्याच्यामागे निव्वळ मातीचा पट्टा उरतो. आगीला तिथे खायला काही नसतं.

आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढतं, त्यातलंच हे काम. फक्त इथे समोर वणवा पेटलेला असतो. अमेरिकेत हे काम करणाऱ्या निवडक तुकड्यांना ‘हॉटशॉट’ म्हणतात. ओरेगॉनमधल्या माउंट हूड राष्ट्रीय वनातल्या ‘झिगझॅग हॉटशॉट’ या तुकडीचे पॉल ग्लीसन १९७९ ते १९९२ या काळात प्रमुख होते. जगभरचे वणवा विझवणारे आज त्यांचं नाव घेतात ते मात्र त्यांनी विझवलेल्या एखाद्या आगीसाठी नव्हे. कामाला हात घालण्याआधी काय विचारायचं, हे त्यांनी शिकवलं.

ग्लीसन १९६४ मध्ये, अठराव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या अँजेलस राष्ट्रीय वनात डाल्टन हॉटशॉट तुकडीत दाखल झाले. दोनच वर्षांनी त्याच वनात ‘लूप’ नावाची आग लागली. एका घळीतून जाळरेषा काढत उतरणाऱ्या एल कॅरिसो तुकडीवर ज्वाळा खालून वर झेपावल्या आणि बारा जण दगावले. घळीतून हवा धुराड्यासारखी वर खेचली जाते, हे त्या पिढीने पुस्तकातून वाचण्याआधी असं पाहिलं.

ग्लीसन यांना कड्यांवर चढायचा नाद होता, आणि शिक्षण गणिताचं. दोन्ही गोष्टी त्यांच्या विचारात दिसतात. चढणारा माणूस दोर अडकवल्याशिवाय पुढची पकड शोधत नाही; पडलोच तर काय, याचं उत्तर आधी तयार असतं. वणव्यावर मात्र गडी आधी कुदळ मारायचे आणि संकट दिसलं की मग वाट शोधायचे.

नियमांची वानवा नव्हती. १९५७ मध्ये ठरलेले दहा स्थायी आदेश होते, शिवाय धोक्याच्या अठरा परिस्थिती. सगळे नियम योग्यच, पण एकूण अठ्ठावीस. धुराने डोळे चुरचुरताहेत, बारा तास कुदळ चालली आहे, अशा माणसाने ही उजळणी करायची कधी?

२६ जून १९९० रोजी या प्रश्नाला धार आली. ॲरिझोनात पेसनजवळ ‘ड्यूड’ नावाची आग आदल्या दिवशी वीज पडून लागली होती. दुपारी तिच्यावर उभा राहिलेला धुराचा प्रचंड स्तंभ कोसळला, आणि वरून आदळलेल्या वाऱ्याने आग दरीतून खाली लोटली. चढावर आग धावते आणि उतारावर मंदावते, हा रोजचा आडाखा त्या काही मिनिटांत उपयोगाचा राहिला नाही. तुरुंगातल्या कैद्यांची एक तुकडी दरीत जाळरेषेवर होती. तिच्यातले सहा जण गेले. झिगझॅग तुकडीही तिथेच कामाला होती; भाजून बाहेर आलेल्या एकाला ग्लीसन यांनी आणि त्यांच्या गड्यांनी सांभाळून खाली नेलं.

पुढच्या वर्षी, १९९१ मध्ये, त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यात चारच गोष्टी होत्या: टेहळ्या, संपर्क, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती पद्धत ‘एलसीईएस’ म्हणून रूढ झाली. जुने आदेश त्यांनी मोडीत काढले नाहीत, त्यांतला गाभा वेगळा काढला. चार गोष्टी सुट्या नाहीत, एकीत दुसरी अडकलेली आहे. टेहळ्याला धोका दिसला तरी त्याचा निरोप शेवटच्या गड्यापर्यंत पोचला नाही तर काय उपयोग? निरोप पोचला आणि वाट नसली तर? वाट आहे, पण ती जिथे जाते तिथेच आग येणार असेल तर?

सगळ्यात फसवी वाटच, असं ग्लीसन बजावत. सकाळी आखलेली वाट दुपारी तीच राहत नाही. जाळरेषा जसजशी पुढे जाते तसतशी सुरक्षित जागा मागे पडते. सकाळी ताज्या पायांनी पाच मिनिटांत कापलेलं अंतर संध्याकाळी, चढावर, पाठीवर बोजा घेऊन किती वेळात कापता येईल? म्हणून वाटा किमान दोन हव्यात आणि त्यांचा हिशेब दिवसभर नव्याने मांडायला हवा. सुरक्षित जागेबद्दलही ते काटेकोर होते. प्रत्येकाच्या कमरेला घडी घातलेला अग्निरोधक तंबू असतो, शेवटचा उपाय म्हणून. तो उघडून आत झोपावं लागेल अशा जागेला सुरक्षित म्हणणं त्यांना मान्य नव्हतं.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना त्यांची एक ओळख पक्की आठवते: आगीचा विद्यार्थी. प्रमुख झाल्यावरही ते स्वतःला तेच म्हणवत आणि नव्या पोरांकडूनही तेच मागत. आज आग काय करते आहे, वारा कुठून आहे, हवेत ओल किती आहे, हे प्रत्येकाने स्वतः पाहायचं.

इतका जाणकार माणूसही कचाट्यात सापडला. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत बँडेलियर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत नियंत्रित जाळणी म्हणून मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, सूत्रं ग्लीसन यांच्याकडे आली. पुढे वारा सुटला, आणि सेरो ग्रांदे नावाने ओळखल्या गेलेल्या त्या आगीने लॉस अलामॉसमधल्या चारशेहून अधिक कुटुंबांची घरं गिळली. ग्लीसन यांची आठवण लिहिताना हे पान गाळता येत नाही.

निवृत्तीनंतर ते कोलोरॅडोत विद्यार्थ्यांना वणव्यांबद्दल शिकवत होते. २७ फेब्रुवारी २००३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाने अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्यांना दरवर्षी पुरस्कार दिला जातो. त्यातला एक विभाग शिकवणं आणि संघभावना यांसाठी आहे.

३० जून २०१३ रोजी, पुन्हा ॲरिझोनातच, यार्नेल हिलच्या वणव्यात एकोणीस हॉटशॉट जळून गेले. त्यांच्याकडे टेहळ्या होता, संपर्कही होता. वादळी वाऱ्याने आगीची दिशा फिरली तेव्हा जळून गेलेल्या, म्हणजे सुरक्षित, पट्ट्यातून बाहेर पडून ते दुसरीकडे निघाले होते. ते का निघाले, हे सांगायला त्यांच्यातलं कोणी उरलं नाही. तेव्हापासून प्रशिक्षणात ग्लीसन यांच्या चार गोष्टींबरोबर आणखी एक प्रश्न वाद घालण्यासाठी ठेवला जातो: हाताशी सुरक्षित जागा असताना ती सोडायची वेळ येते, तेव्हा निर्णय कोणाचा, आणि रांगेतल्या सगळ्यात नव्या पोराला ‘थांबा’ म्हणायची मुभा आहे का?